कंटूर म्हंजे काय गं?

आप्पा, कंटूर या शब्दाचा अर्थ मला गेल्या महिन्यात कळला. तुम्ही विचारलंत त्याला छत्तीस वर्षं झाली आणि तुम्हाला जाऊन एकतीस. उत्तर द्यायला एवढा उशीर झाला, तरी आता दिल्याशिवाय राहवत नाही.

साताऱ्यातल्या आमच्या ऑफिसात सध्या जुने नकाशे स्कॅन करायचं काम चाललंय. मी अजून तिथेच आहे, अनुरेखक म्हणूनच. मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि खालची रेघ जशीच्या तशी वर उचलायची, हे माझं काम तुम्हाला सांगितलं होतं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "म्हंजे रेघ तुजी न्हाई, पर हात तुजा." आता ती कामं कॉम्प्युटर करतो. माझ्या निवृत्तीला तीन महिने राहिलेत आणि माझ्या जागेवर कुणी येणार नाही असं ऐकते. म्हणून मलाच बसवलंय, जुन्या गुंडाळ्या सोडायच्या, धूळ झटकायची, प्रत्येक शीटमागे एक फॉर्म भरायचा. नकाशा कुठला, कुणी काढला, कुणी अनुरेखन केलं, आणि शेवटी शेऱ्याची एक रिकामी ओळ. अशीच एक गुंडाळी सोडली आणि आपलं माण तालुक्यातलं गाव समोर आलं. ओढा, देवळाची खूण, नानांचं रान, मागची टेकडी आणि तिच्यावरच्या समोच्च रेषा, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या. कोपऱ्यात माझंच कोवळं अक्षर, 'कंटूर अंतर'. मी ती शीट दोन्ही हातांनी दाबून धरली.

तुम्हाला शब्दांची खोड होती. कुपवाडच्या कारखान्याच्या त्या शेडमध्ये तुम्ही लेथवर लोखंड कातत उभे असायचात आणि डबा द्यायला आलेली मी दारात. मशीनचा आवाज, तापू नये म्हणून सोडलेलं दुधासारखं पांढरं कुलंट फिरत्या तुकड्यावरून, जॉबवरून, गळतंय, लोखंडाचा कीस निळा होऊन कुरळ्या केसांसारखा खाली पडतोय. तुम्ही मशीन बंद करता आणि डबा उघडायच्या आधी विचारता, "टेपर म्हंजे काय गं? पुस्तकात असंल तुज्या." मी सांगते, निमुळतं होत जाणं. तुम्हाला तेवढ्यानं भागत नाही. "त्ये मला दिसतंय की. पर त्येला टेपर का म्हनत्यात?" ते मला येत नसे. तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणायचात, "नाव कुणी उगं ठेवत न्हाई. मेंढराला बी नाव ठेवलं तर कायतरी बगून ठेवत्यात." टर्नर हा शब्द मात्र तुम्हाला पक्का ठाऊक होता, मालकानं सांगितला होता. टर्न म्हणजे फिरणं, टर्नर म्हणजे फिरवणारा. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायासमोर मी 'टर्नर' लिहिलं की तुम्ही ते अक्षर वाकून बघायचात.

मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही पितळेच्या कांबीच्या उरलेल्या तुकड्यांतून चार वजनं कातून आणलीत. बसक्या डब्यांसारखी, कडेला बारीक दोन कड्या उठवलेली, बुडाला हिरव्या फेल्टचा गोल चिकटवलेला. "कागुद हलला तर रेघ हलली," एवढंच म्हणालात. कागदाच्या चार कोपऱ्यांना चार. मी ती साताऱ्याला नेली आणि खोलीवरच्या कपाटात ठेवली. ऑफिसात सगळे पिना आणि चिकटपट्टी वापरायचे. सगळे पुरुष, मी एकटी मुलगी, त्यात माणची. बोलायला तोंड उघडलं की 'हाय' आणि 'न्हाई' बाहेर येऊ नये म्हणून मी गिळून गिळून बोलायचे. त्यात आणखी बापानं कारखान्यात घडवलेली वजनं टेबलावर मांडायची म्हणजे हसायला निमित्त, असं मला वाटलं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही विचारायचात, "वजनं बरी हायत न्हवं?" आणि मी म्हणायचे, लय बरी.

मग आपल्याच गावच्या टेकडीवर चर खणायचं काम निघालं. उतारावरचं पाणी पळून जाऊ नये म्हणून टेकडीला आडवे, एकाच पातळीत चर घ्यायचे, म्हणजे पाणी थांबतं आणि मुरतं. नकाशा माझ्याकडे आला. मला केवढा आनंद झाला होता, मी तुम्हाला पोस्टकार्ड टाकलं होतं. त्या शनिवारी अर्धा दिवस होता आणि सोमवारी प्रिंट जायची होती. टेकडीचा अर्धा भाग झाल्यावर मी पाणी प्यायला उठले, परत येऊन उरलेला अर्धा काढला. कागद उचलला तेव्हा दिसलं की वरच्या कोपऱ्याची चिकटपट्टी सुटली होती आणि कागद जरासा सरकला होता. पहिल्या अर्ध्यातल्या रेघा आणि दुसऱ्या अर्ध्यातल्या रेघा एकमेकींना मिळत नव्हत्या. पुन्हा सगळं काढायचं तर संध्याकाळ झाली असती. मी निब शाईत बुडवली आणि त्या रेघा हातानंच जोडून टाकल्या. इतक्या सफाईनं जोडल्या की मलाच कौतुक वाटलं.

नकाशावरून जमिनीवर आखणी करताना यंत्र लावून पातळी पुन्हा तपासायची असते. पण त्या आठवड्यात यंत्र दुसऱ्या गावाला गेलं होतं, आणि नुसत्या प्रिंटवरून चुन्याची फक्की टाकायची ठरली. कामावर मुकादम होते नाना, तुमचे सख्खे भाऊ. त्यांनी अंतरं मोजून मोजून टेकडीवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढल्या. साहेबांबरोबर मीही आले होते. आणि तुम्ही रजा टाकून, कुपवाडहून येष्टी बदलत बदलत, इस्त्रीचा सदरा घालून आला होतात. का आलात असं साहेबांनी विचारलं तर म्हणालात, "पोरीची रेघ जिमिनीवर कशी दिसती ती बगाय आलोय."

तुम्ही त्या रेघेच्या कडेनं चालत गेलात. हात मागं बांधून, मान जरा कलती करून, जॉबवरून नजर फिरवायचात तसेच. मध्येच थांबलात. उकिडवे बसलात, एक डोळा मिटलात. मग मला हाक मारलीत.

"हितं रेघ खाली आलीया, बग."

"नाही आली आप्पा."

"आलीया. ही मेंढराची वाट बग, हिकडनं तिकडं सरळ गेलीया. मेंढरं उतारावर आडवीच चालत्यात, उगं चढउतार करत न्हाईत. तुजी रेघ वाट सोडून हातभर खाली गेली. समदं पाणी हितं गोळा व्हईल."

तीस-चाळीस माणसं टिकाव टेकून ऐकत होती. साहेब वळून बघत होते. तुम्ही बोट ठेवलं होतं ते बरोब्बर त्या जोडावर. मी म्हणाले, आणि ते मी आपल्या बोलीत नाही, ऑफिसच्या मराठीत म्हणाले, "आप्पा, ही कंटूर आहे. शास्त्रीय असतं ते. तुम्हाला नाही कळायचं."

कुणीतरी हसलं. तुम्ही उठलात, गुडघ्यावरची माती झटकलीत, म्हणालात, "बरं." नानांनी एकदा तुमच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं आणि गड्यांना हाळी दिली. टिकाव पडायला लागले.

त्या संध्याकाळी नानांच्या घरी चुलीपुढं आपण जेवायला बसलो. मला वाटलं तुम्ही रागावला असाल. पण तुम्ही कोरड्यासात भाकरी कुस्करत, अगदी नव्या कोऱ्या आवाजात विचारलंत, "कंटूर म्हंजे काय गं?"

"समोच्च रेषा," मी म्हणाले.

"त्ये रेघंचं मराठी नाव झालं. मी शबुद इचारतोय. कंटूर. कुठनं आला? टूर हाय त्येच्यात."

नाना हसले, काकी हसली. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि म्हणाले, "असतो एकेक शब्द." मला तो माहीत नव्हता आप्पा. दुपारी गड्यांपुढं 'तुम्हाला नाही कळायचं' म्हणाले, तेव्हाही माहीत नव्हता.

परतीच्या पावसात एका दुपारी तो चर फुटला. तुम्ही दाखवलंत तिथंच. टेकडीचं पाणी त्या खोलगट जागी गोळा झालं, कड फोडून खाली आलं आणि नानांच्या रानातली माती घेऊन ओढ्याला गेलं. आखणी चुकली म्हणून चौकशी झाली. आखणी मुकादमाची. नानांचं मुकादमपद गेलं. गावात त्यांना बघून पोरं म्हणायची, "मुकादम, आज कुणाच्या रानात पाणी सोडायचं?" मी साताऱ्यात होते. चौकशीचा कागद माझ्या टेबलावरूनही गेला आणि मी एक शब्द बोलले नाही. दिवाळीला कुपवाडला आले तेव्हा तुम्ही त्याबद्दल काहीच काढलं नाहीत. आई म्हणाली, हल्ली सुट्टीच्या दिवशीपण ओव्हरटाइम करत्यात, पार वाळल्यात. मी तुमच्या हातांकडं पाहिलं होतं, तळवे सोलवटलेले होते. लेथवर तसे हात होत नाहीत हे मला, टर्नरच्या मुलीला, कळायला हवं होतं.

हे सगळं त्या शीटबरोबर उलगडलं आणि मी शब्दाच्या मागे लागले. तो शब्द आता कुठंही भेटतो. आपल्या धाकटीच्या मुलीचं लग्न ठरलंय, तिच्याबरोबर पार्लरमध्ये गेले तर तिथली मुलगी म्हणते, "मावशी, नवरीला कंटूरिंग करायचं का?" गालाच्या हाडाखाली, नाकाच्या दोन्ही बाजूंनी तपकिरी रेघा ओढतात आणि त्या पुसून पुसून चेहऱ्यात जिरवतात, म्हणजे चेहरा रेखीव दिसतो. मी खुर्चीत बसून तिचा हात बघत होते. टेकडीला चर घेतात तसंच चाललं होतं. मनात आलं, आप्पा असते तर तिलाही विचारलं असतं, हा शबुद कुठनं आला गं.

मग एका शनिवारी वाचनालयात जाऊन जाडा इंग्रजी कोश काढला. एकानं भागेना म्हणून तीन काढले. इंग्रजीत कंटूर म्हणजे आधी बाह्यरेषा, माणसाच्या किंवा वस्तूच्या आकाराची कड. चित्रकारांचा शब्द तो. डोंगराची पातळी दाखवणाऱ्या रेघेला ते नाव मागाहून मिळालं. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला, फ्रेंचांनी इटलीतून, तिथं त्याचं रूप कोंतोर्नो. सभोवार फिरून येणं, वेढणं. गंमत म्हणजे इटलीत आजही ताटातल्या मुख्य पदार्थाच्या कडेला वाढलेल्या भाजीला कोंतोर्नोच म्हणतात. आपल्या तोंडी लावण्यासारखं. हे वाचून मला भाकरीच्या कडेचा तुमचा ठेचा आठवला. मी पान उलटलं. त्याच्याही मागं लॅटिन शब्द होता, आणि त्याचा अर्थ दिला होता, लेथवर फिरवणे, कातणे.

मी पुन्हा वाचलं. दुसऱ्या कोशात पाहिलं, तिथंही तेच. मुळाशी ग्रीक भाषेतलं एक अवजार, सुताराचं, खुंटी आणि दोरी लावून वर्तुळ काढायचं. कातायच्या यंत्रालाही तेच नाव. त्यातूनच इंग्रजीतला टर्न आला, त्यातूनच टर्नर. आणि टूरसुद्धा! चुलीपुढं बसून तुम्ही ऐकलेला टूर खरंच त्याच घरचा निघाला. मी मोठ्यानं हसले. पेपर वाचणाऱ्या एका आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं, म्हणाले, "काय झालं ओ बाई?" मी म्हणाले, काही नाही, वडिलांचं नाव सापडलं. ते म्हणाले, "बरं, बरं," आणि पुन्हा पेपरात शिरले.

घरी येताना रस्ताभर मी तो शब्द फिरवत होते. आपणही कातीव म्हणतो की. कातीव चेहरा, कातीव खांब. आपल्याकडंही रेखीव आकाराचा शब्द कातण्यातून आला आणि मला तो इटलीपर्यंत जाऊन आल्यावर दिसला. लेथवर जॉब फिरत असतो आणि तुम्ही टूल नुसतं टेकवून हळू सरकवत असता. मग लोखंडाच्या ओबडधोबड तुकड्याला कड येते, खांदा येतो, कंबर येते. कंटूर कशाला म्हणतात ते अख्ख्या टेकडीवर जर कुणाला बघून ठाऊक असेल तर ते तुम्हाला होतं. साहेबांना नव्हतं, मला नव्हतं.

पुढच्या रविवारी मी दहिवडीची गाडी धरली. नाना आता ऐंशीच्या पुढं गेलेत, डोळ्यांना कमी दिसतं, पण ऐकू चांगलं येतं. काकी मागल्या वर्षी गेली. ते बाजेवर बसले होते. मी वाटेत चार वेळा वाक्य जुळवलं होतं, ते सगळं विसरले आणि एकदम म्हणाले, "नाना, त्या चराची चूक माझी होती. नकाशात मीच रेघ चुकवली होती."

नाना म्हणाले, "ठावं हाय."

"कधीपासून?"

"तवापासनंच. तुज्या बानं सांगितलं. चर फुटल्यावर आला हुता पळत. प्रिंट मागून घेतली, जिमिनीवर पसरली आन बोट फिरवत बसला. म्हनला, हितं जोड हाय, पोरीचा हात हाय ह्यो. मी म्हनलं, मग चल साताऱ्याला, सांगू साह्यबाला. तर हात धरला माजा."

"काय म्हणाले?"

"म्हनला, तुजं मुकादमपद गेलं तर तू मेंढरं राखशील. तिची नोकरी गेली तर तिनं काय राखायचं?"

नाना चाचपडत काठी शोधत होते, ती मी हातात दिली. म्हणाले, "चल, दावतो." त्यांना धरून मी टेकडीच्या पायथ्याला नेलं. फुटलेल्या जागी दगडांची ताल होती, बांधासारखी एकावर एक बसवलेली, सांधे मिटवलेले. गवत आलंय, पण एक दगड हललेला नाही. "दर सुट्टीला यायचा," नाना म्हणाले. "पाटंच्या गाडीनं यायचा, सांजच्यानं जायचा. मी आन त्यो, दोगंच. मी म्हनलं सरळ घाल, लवकर हुईल. तर न्हाई. वळवून घातली. म्हनला, सरळ घातली तर पानी डोस्कं आपटतंय, वळवलं तर ऐकतंय."

"तुम्हाला लोक हसले नाना. इतकी वर्षं."

"हसून कुनाचं रान वाहून जात न्हाई." मग म्हणाले, "एकदाच लय लागलं. माज्याच पोरानं इचारलं, दादा, तुमाला खरंच रेघ वडता येत न्हाई व्हय? तवा वाटलं हुतं सांगावं. पर तुज्या बाला शबुद दिल्ता."

मी म्हणाले, "मी आत्ता गावात सांगते. चावडीवर जाऊन सांगते." नाना हसले. "आता कुनाला सांगतीस? हसनारी समदी गेली की. पोरगं ममईला. फोन लाव त्येला, त्येला सांग." मी तिथंच तालीवर बसून नानांच्या पोराला फोन लावला. तो म्हणाला, "असू दे गं ताई, त्या गोष्टीला किती वर्षं झाली." मग म्हणाला, "दादांना दे जरा." मी फोन नानांच्या कानाला लावला आणि लांब जाऊन उभी राहिले.

सोमवारी ऑफिसात गेले आणि त्या शीटचा फॉर्म पुढं ओढला. शेऱ्याच्या ओळीत लिहिलं, 'अनुरेखन करताना कागद सरकल्याने टेकडीच्या उत्तर भागातील रेषा चुकीच्या जोडल्या आहेत. चूक अनुरेखकाची. मुकादमाची आखणी नकाशाप्रमाणे बरोबर होती.' खाली सही केली, तारीख घातली. साहेब नवे आहेत, तरुण आहेत. त्यांनी वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, एवढं जुनं कोण बघणार आहे?" आणि शिक्का मारला.

हे पत्र मी कुठं टाकणार, आप्पा? तुमच्या पत्त्यावर आता दुसरं कुणी राहतं. ड्रॉवरमध्ये राहील. पण तुम्हाला वाटेल की पोरीनं अखेर हिंमत केली, तर तसं समजू नका. सही करायच्या आधी मी पेन्शनच्या टेबलावर जाऊन सहज विचारल्यासारखं विचारून आले होते, इतक्या जुन्या चुकीसाठी आता काही होतं का म्हणून. ते म्हणाले, काही होत नाही. मग मी येऊन सही केली.